आंबोलीत दहा दिवस भर पावसात: फिल्ड कोर्सला नेलेल्या सामानाचा रिव्ह्यू

कोर्स संपून तीन आठवडे झाले, सॅक दोनदा धुतली, तरी तिला अजून चुलीच्या धुराचा वास येतोय. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आंबोलीला इकॉलॉजीचा दहा दिवसांचा फिल्ड कोर्स केला. जायच्या आधी नेटवर फिल्डवर्कला काय काय न्यायचं म्हणून जेवढं शोधलं ते सगळं एकतर हिमालयातल्या ट्रेकचं होतं नाहीतर परदेशातलं, कुठली स्लीपिंग बॅग किती डिग्रीला चालते आणि सनस्क्रीन कुठल्या नंबरचं घ्यायचं. आमच्यासारखं दिवसभर वाकून झाडं मोजायचीत, रात्री बेडकांच्या मागे हिंडायचंय आणि ते सगळं पावसात उभं राहून लिहायचंय, त्याला काय लागतं हे मराठीत धड कुठे सापडलं नाही. म्हणून आठवतंय तोवर लिहून काढते. ज्या वस्तूंनी त्रास दिला त्यांच्या कंपनीचं नाव घेत नाहीये, माझ्या एका पीसवरून सगळी कंपनी वाईट असं नसतं, पण तशी वस्तू दुकानात कशी ओळखायची ते सांगते.

आधी जागा कशी आहे ते कळायला हवं नाहीतर पुढचं पटणार नाही. आंबोली सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा आतबाहेर. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट, आणि त्यातला बराचसा जून ते ऑगस्ट. पाऊस थांबला की धुकं येतं आणि धुकं गेलं की पाऊस. आम्ही होतो तेवढ्या दिवसांत सूर्य एकदाच दिसला, सहाव्या दिवशी दुपारी, वीसेक मिनिटं. दोरीवर घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जड झालेला होता, हे अगदी खरं सांगते.

तेव्हा पहिली गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझे निम्मे पैसे वाचले असते: आपण कोरडं राहायचा प्रयत्नच सोडून द्या. तुम्ही भिजणार. सामान घेताना डोक्यात एवढंच ठेवा की तीन गोष्टी कुठल्याही परिस्थितीत कोरड्या राहिल्या पाहिजेत, रात्री झोपायचे कपडे, डेटा लिहिलेली वही आणि बॅटऱ्या. बाकी सगळं भिजूनही काम देईल असं निवडा. मी नेमकं उलटं केलं होतं, सगळा खर्च स्वतःला कोरडं ठेवण्यावर.

सुरुवात बुटांपासून करते कारण सगळ्यात जास्त हाल त्यांनीच केले. कोर्सच्या यादीत वॉटरप्रूफ हायकिंग शूज लिहिलं होतं म्हणून मी साडेतीन हजारांचे घेतले, घोट्याच्या वर येणारे, दिसायला एकदम दणकट. वॉटरप्रूफ बुटाचा प्रॉब्लेम असा की पाणी वरून आत जातंच, गुडघाभर गवतातून चाललं की पायावरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून बुटात, आणि एकदा आत गेलं की तोच वॉटरप्रूफपणा ते बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या संध्याकाळी बूट काढले तर पाय पांढरेफटक आणि सुरकुतलेले. रात्री आत वर्तमानपत्र कोंबून ठेवले, सकाळी पेपरचा लगदा झालेला आणि बूट होते तसेच ओले. दुसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, क्वाड्रॅट (आतली झाडं मोजायला आखायचा ठरावीक मापाचा चौकोन) टाकत होतो तेव्हा उजव्या बुटाचा सोल पुढच्या बाजूने उघडला. नीट बघितलं तर सोल नुसता चिकटवलेला होता, शिलाई कुठेच नव्हती, कडेने जी शिलाई दिसत होती ती रबरावर छापलेली नक्षी होती. तेव्हा दुकानात बूट हातात घेतलात की कडेच्या शिलाईत नख घालून बघा, दोरा खरा आहे का. बुटाच्या लेसने सोल बांधून तशीच मुक्कामी आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका मैत्रिणीला घेऊन एसटीने घाट उतरून सावंतवाडीला गेले, तीसेक किलोमीटर. बाजारात एक छोटं दुकान आहे, बाहेर छत्र्या टांगलेल्या, आत शेतीचं सामान, दोऱ्या, ताडपत्री, गमबूट. दुकानातल्या काकांनी माझ्या पायाकडे बघितलं, बुटाला बांधलेली लेस बघितली आणि विचारलं, "आंबोलेक इलास काय गो? ह्ये शूज हयसर टिकूचे नाय. गमबूट घे." मी माझा नंबर सांगितला तर म्हणाले एक नंबर मोठा घे, आत दोन मोजे घालूक होये. आणि गमबूट उलटा करून तळवा दाखवला, खोल खाचांचा घे, सपाट तळव्याचा घेतलास तर कातळावर पडशील. साडेचारशे रुपयांत विषय संपला. पुढचे सात दिवस तेच घातले. पाणी यांच्यातही जातं, पण काढून उलटे केले की बदकन सगळं बाहेर येतं, आतून पुसले की पाच मिनिटांत परत घालता येतात. माझ्याकडून दहापैकी नऊ. एक गुण कापला तो शेवाळलेल्या कातळावरच्या चालण्यासाठी, तिथे घसरतातच, पाऊल आडवं टाकत जायला लागतं. आमच्यातले दोन सीनियर अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घालून आले होते जे सह्याद्रीत भटकणारे कितीतरी जण वापरतात, कातळावर त्यांची पकड माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती, फक्त त्यांच्या पायाला सतत ओलं राहायचं. कोर्समध्ये चाल जास्त असेल तर ते घ्या, गवतात आणि ओढ्यात उभं राहून काम असेल तर गमबूट.

गमबुटाचं अजून एक कारण आहे आणि ते सिरियसली घ्या. भारतात सर्पदंशावर जे प्रतिविष मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरचं आहे. आंबोलीत पावसाळ्यात रस्त्याकडेच्या झुडपावर जो दिसतो तो मलबार पिट वायपर म्हणजे चापडा, त्याच्या विषासाठी ते नाही. आम्हाला तो दोन रात्री दिसला, एकदा तर माझ्या खांद्याच्या उंचीवर, फांदीला वेटोळं घालून अगदी निश्चल, बाजूच्या मैत्रिणीने हात धरला नसता तर मी ती फांदी धरूनच ओढा उतरले असते. पायाला गमबूट आणि हातात काठी, चढताना-उतरताना फांदीला हात लावायचा नाही, आणि कुणाला चावलंच तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं काही न करता, न पळवता, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल.

काठीचं सांगायचं राहिलं. साधी बांबूची काठी, तिच्यावर खालपासून १३० सेंटिमीटरला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. झाडाचा घेर छातीच्या उंचीला मोजतात, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, आणि प्रत्येक झाडाशी टेप उभी धरून ती उंची शोधण्यात फार वेळ जातो. काठी उभी केली की लगेच कळतं. दर दहा सेंटिमीटरला छोटी खूण केली तर गवताची उंचीही त्याच काठीने. खर्च शून्य, आणि दहा दिवसांत सगळ्यात जास्त वेळ हातात असलेली वस्तू हीच.

आता जळवा. ज्यांना याची धास्ती वाटते त्यांना सांगते की जळू चावताना कळत नाही, दुखत नाही, आणि आंबोलीत तरी तिच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. फक्त तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो म्हणून ती सुटल्यावरही तासभर रक्त येत राहतं आणि मोजा लाल झालेला बघून नवीन माणूस घाबरतो. लीच सॉक्स ऑनलाइन सात-आठशेला मिळतात. माझे आत्याने शिवून दिले, जाड मांजरपाट दुहेरी घेऊन, गुडघ्याच्या वरपर्यंत, वर नाडी. कापड पांढरं घ्यायचं कारण चढणारी जळू लगेच दिसते. पँट मोज्याच्या आत, मोजा नाडीने घट्ट आणि त्यावर गमबूट, अशी सगळी तटबंदी केली की बहुतेक जळवा बाहेरच राहतात. दुहेरी मांजरपाटातून एकही आरपार आली नाही, दोन-तीन वरून चढून नाडीपाशी पोचल्या तेवढ्याच. विकतचे ज्यांनी आणले होते त्यांच्यापैकी एकाची वीण इतकी विरळ होती की बारीक जळू सरळ आत शिरली, म्हणून घेताना कापड उजेडात धरा, आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर परत ठेवा.

आणि चिकटलेल्या जळूवर मीठ, तंबाखू, पेटती काडी असलं काही करू नका. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी दाखवलं, तसं केलं की ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली, जिथे ती रक्त पितेय तिथे, नख सरकवायचं, मग मागचं टोक, आणि टिचकीने उडवून द्यायची. मोज्यावर बाहेरून मीठ किंवा तपकीर लावून काही जण आले होते, पहिल्या ओढ्यात धुऊन गेलं.

डास पळवायची क्रीम हातांना लावूच नका, हे तर मोठ्या अक्षरात लिहायला हवं. बेडकाची कातडी पातळ असते, तो तिच्यातून श्वास घेतो, पाणी शोषतो, आपल्या हाताला लागलेलं क्रीम, साबण, सॅनिटायझर सगळं त्याच्या अंगात जातं. आंबोलीत असे प्राणी आहेत जे जगात दुसरीकडे जवळपास सापडतच नाहीत, आंबोली टोड त्यातलाच, २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याला हात लावायची वेळच येऊ नये, आणि मोजमापासाठी लावावा लागलाच तर ओले, स्वच्छ, काही न लावलेले हात. क्रीम मानेला आणि कानामागे, ते पण दुसऱ्याकडून लावून घ्यायचं. मी हे आधी वाचलं नव्हतं आणि पहिल्या संध्याकाळी कोपरापर्यंत क्रीम चोपडून तयार झाले होते, सरांनी परत पाठवून हात धुवायला लावले. बरं केलं.

रेनकोटवर मी २,८०० रुपये घातले आणि तो खर्च मला आजही डाचतो. ऑनलाइन मागवलेलं जॅकेट, वर्णनात वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल दोन्ही. चाळीस मिनिटांत खांद्यावरून पाणी आत. घरी येऊन उलटं करून बघितलं तेव्हा कळलं, कापड चांगलं आहे पण खांद्याच्या शिवणीवर आतून पट्टी लावलेलीच नाही, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणारच. घेताना आतली बाजू बघा, प्रत्येक शिवणीवर चकचकीत पट्टी हवी. आणि ब्रीदेबल या शब्दाला तिथे काही अर्थ राहत नाही, कारण घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, आंबोलीच्या धुक्यात ती असतेच कुठे. म्हणजे पावसाने नाही भिजलात तरी घामाने भिजणार.

यावरचा उपाय मला आम्ही राहिलो होतो त्या घरच्या काकींनी दिला. त्या रोज सकाळी शेतावर जायच्या, लावणीची कामं चालू होती, आणि त्यांच्या डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकची खोळ. पूर्वी घोंगडीची असायची किंवा इरलं असायचं, आता जाड प्लास्टिकचा कागद. आयताकृती कागद घ्यायचा, एका टोकाचे दोन कोपरे एकमेकांत दुमडून टोपीसारखं टोक करायचं, ते डोक्यावर, बाकीचं पाठीवर गुडघ्यापर्यंत सोडायचं, छातीपाशी दोरीची एक गाठ. मी विचारलं समोरून भिजत नाही का, तर त्या म्हणाल्या, "पाठ सुकी रवली काय थंडी लागना नाय गो." आणि बघा ना, क्वाड्रॅटमधली रोपं मोजणारा माणूस आणि लावणी करणारी बाई दोघंही दिवसभर कमरेत वाकलेलीच असतात, पाऊस पडतो तो पाठीवर. समोरून उघडं असल्यामुळे हवा खेळती राहते, घाम साचत नाही, वही खोळीच्या आडोशाला धरून लिहिता येतं. चौथ्या दिवसापासून मी जॅकेट खुंटीला अडकवलं आणि खोळ घेतली. मीटरवर मिळणारा प्लास्टिकचा कागद, शंभर रुपयांच्या आत. झाडीत शिरताना मात्र ती अडकते आणि सड्यावर वारा सुटला की शिडासारखी फुगते, तेव्हा कमरेला एक दोरी बांधायची. माझ्या मते वाकून करायच्या कामाला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि हे डिझाइन शेतात राबणाऱ्यांनी कितीतरी पिढ्या वापरून पक्कं केलेलं आहे.

सॅक माझी पन्नास लिटरची, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या रेनकव्हरबद्दल, आणि ही सगळ्याच रेनकव्हरची आहे. कव्हर बाहेरून झाकतं पण पाठीची बाजू उघडी, पाठीवरून वाहणारं पाणी खाली कव्हरमध्येच जमा होतं, स्टँडवरून मुक्कामापर्यंत चालत गेलो तेवढ्यात माझ्या कव्हरमध्ये तांब्याभर पाणी साठलं होतं आणि सॅकचा तळ त्यात बसलेला. कव्हरच्या ऐवजी आतून अस्तर लावा. किराणा दुकानात मोठ्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ती मागून घ्या, सॅकच्या आत घाला, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून रबर लावा. सॅक ओलीचिंब झाली तरी आत थेंब नाही. झोपायचे कपडे तिच्यातही अजून एका पिशवीत.

आणि त्या कपड्यांचा नियम मोडायचा नाही. फिल्डचे दोन जोड, ते ओलेच राहणार, रोज सकाळी तेच थंडगार ओले परत चढवायचे, पहिली दहा मिनिटं फार वाईट जातात, मग अंग गरम होतं. मी तिसऱ्या दिवशी सकाळी तो धीर केला नाही, झोपायचा कोरडा जोड घालून बाहेर पडले, आणि रात्री माझ्याकडे कोरडं काहीच उरलं नाही. मैत्रिणीने तिचा टीशर्ट आणि शाल दिली, नाहीतर ती रात्र कठीण होती. जीन्स अजिबात नको, सुती ट्रॅकपँटही नको, पातळ सिंथेटिक पँट घ्या जी पिळली की निम्मी वाळते. मोजे सहा जोड. आतले कपडे जेवढे वाटतात त्याच्या दीडपट, कारण ते दोरीवर वाळत नाहीत, आम्ही काकींच्या चुलीवरच्या दांडीवर घालायचो, धुराचा वास तिथलाच. मांड्यांच्या सांध्यात आणि बोटांच्या बेचक्यांत लावायला बुरशीविरोधी पावडर, रोज रात्री, लाजून टाळू नका, चौथ्या दिवसापर्यंत अर्ध्या लोकांना खाज सुरू झाली होती.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते कारण कुठल्याच यादीत हे नसतं. सड्यावर आडोसा मिळत नाही. मोठी छत्री आणि एक मैत्रीण हे टॉयलेट, आणि सकाळी निघतानाच ग्रुपमध्ये उघडपणे सांगून ठेवायचं की दर दोन-तीन तासांनी थांबायचंय, पाणी कमी पिऊन निभावायला जाऊ नका, धुक्यातही अंगातलं पाणी कमी होतं आणि डोकं धरतं. पाळी येणार असेल तर धुऊन वापरायची कापडी पॅड्स तिथे उपयोगाची नाहीत, वाळतच नाहीत. मैत्रीण कप वापरते, तिला बरं पडलं, पण त्यासाठी स्वच्छ पाण्याची एक बाटली वेगळी ठेवायची, ओढ्याचं नाही. मी साधी पॅड्स नेली, वापरलेली पेपरमध्ये गुंडाळून दुहेरी झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी परत कोल्हापूरला. तिथे खड्डा करून पुरायचं नाही, कुत्री आणि रानडुकरं उकरतात.

वहीचं माझं मोठं नुकसान झालं. दुसऱ्या दिवशीचे सड्यावरचे नऊ क्वाड्रॅट मी जेल पेनने लिहिले होते, प्रत्येकात कुठली झाडं, किती रोपं, मातीची खोली. संध्याकाळी वही उघडली तर सगळं निळं पाणी, पानं एकमेकांना चिकटलेली, दोन क्वाड्रॅट कसेबसे वाचता आले आणि सात गेले. परत जाऊन करावे लागले, सगळ्या गटाची अर्धी सकाळ माझ्यामुळे गेली, त्याचं मला फार वाईट वाटलं. पेन नेऊच नका. साधी नटराजची पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक केलेली, दोरीने गळ्यात. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पाण्यात विरघळत नाही. आणि वहीच्या जागी आमच्या एका सीनियरने जे दाखवलं ते मी आता आयुष्यभर वापरणार: फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्डचे तुकडे पडलेले असतात, पांढरे, प्लास्टिकचे. एक वहीएवढा तुकडा आणायचा, बारीक सँडपेपरने घासून खरखरीत करायचा, की त्यावर पेन्सिल भर पावसात, अगदी पाण्याखालीसुद्धा उमटते. कायम लागणारे रकाने परमनंट मार्करने आखून ठेवायचे. संध्याकाळी फोटो काढायचा, कोरड्या वहीत उतरवायचं, खोडरबराने पुसायचं. उतरवायचं त्याच रात्री, कितीही झोप आली तरी. दहापैकी दहा, आणि दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत.

हेडटॉर्च घेताना मी फक्त ल्युमेन, म्हणजे उजेड किती ते सांगणारा आकडा, बघितले, जास्त तेवढं चांगलं. आंबोलीत ते उलटं पडलं, कारण कपाळावरचा प्रखर उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि पावसाळी किडे सगळे तोंडावर. धुकं असलं की टॉर्च काढून हातात, कमरेच्या खाली धरायची, मग रस्ता दिसतो. धुकं नसताना मात्र कपाळावरचीच चांगली, उजेड डोळ्यांच्या रेषेत असला की गवतातल्या कोळ्यांचे डोळे हिरव्या ठिपक्यांसारखे चमकतात, मला पहिल्यांदा दिसले तेव्हा दव वाटलं होतं आणि मग ते दव चालायला लागलं! लाल उजेडाचं बटण हवंच, ओढ्यावर मलबार ग्लायडिंग फ्रॉगची जोडी पानावर फेसाचं घरटं करत होती, पांढऱ्या उजेडाचा त्रास नको म्हणून लाल लावून आम्ही पंचवीस मिनिटं बघत उभे होतो. पाण्याला टॉर्च किती टिकते ते डब्यावर आयपीएक्स नंबरने लिहितात, आयपीएक्स ४ असेल तर ते फक्त उडणाऱ्या थेंबांपुरतं, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेच बघून घ्या. आणि शक्यतो साध्या सेलवर चालणारी, कारण तिकडे पावसात लाइट जाते, आमची एकदा सलग दीड दिवस गेली होती, चार्जिंगवाल्यांच्या टॉर्च बंद पडल्या.

मोबाइलसाठी पारदर्शक पाऊच चालतो, पण स्क्रीनवर पाणी असलं की बोट ओळखत नाही आणि रात्री चार्जरला लावला की पोर्टमध्ये ओल आहे म्हणून चार्जच होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यांतल्या वर्षभर साठवून ठेवा, त्यात मोबाइल आणि दुर्बीण रात्रभर. दुर्बिणीच्या भिंगाला एकदा बुरशी लागली की ती काढणं महाग पडतं.

दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या किंवा डिपार्टमेंटची मागा. माझी १० बाय २५ होती, छोटी, हलकी, जास्त जवळ दाखवणारी म्हणून घेतलेली. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, २५ ला १० ने भागलं तर अडीचच. जुलैच्या अंधारलेल्या झाडीत याचा फरक एवढा की शीळ घालणारा कस्तुर शेजारणीला निळा दिसला आणि मला काळा.

परतायच्या आधी बूट ब्रशने घासून, चिखल काढून, मुक्कामाच्या नळावर धुऊन पूर्ण वाळवायचे. बेडकांना होणारा कायट्रिड बुरशीचा रोग ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसरीकडे जाऊ शकतो. साबण लावून ओढ्यात तर काहीच धुवायचं नाही, हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाच्या देवळाच्या कुंडात जो मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. शाम्पूची एक पुडी तिथे किती करेल याचा विचार करा.

तुमचा कोर्स हिवाळ्या-उन्हाळ्यात असेल तर जळवांऐवजी गोचिडी. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडतात, गोचिडीमार्फत होतो, म्हणून पूर्ण बाह्या, आणि संध्याकाळी एकमेकांची मान-केस तपासणं, आणि जमिनीवर पालापाचोळ्यात बसायचं नाही.

नेलेलं आणि न लागलेलं: स्लीपिंग बॅग (घरात गोधड्या होत्या), सनस्क्रीन, मोठा चाकू, डिओ, तीन जास्तीचे टॉप. सॅक जाताना चौदा किलो भरली होती, नऊमध्ये आरामात झालं असतं. लागलेलं आणि न नेलेलं: कपडे अडकवायला चिमटे, नायलॉनची दोरी, नेलकटर, राजगिऱ्याचे लाडू. लाडू दुसरीने आणले होते, डबा चौथ्या दिवशी संपला.

सप्टेंबरच्या शेवटी परत जातेय, सड्यावर गेंद, सीतेची आसवं, कवला फुलतात तेव्हा. त्या वेळी गमबूट, काठी, सनबोर्ड, खोळ हेच, आणि एक नवीन, गुडघ्याखाली घ्यायला जुन्या योगा मॅटचा हातभर तुकडा, कारण सीतेची आसवं बोटाच्या पेराएवढी असतात आणि ती मोजायला कातळावर गुडघे टेकावेच लागतात. कुणी असा तुकडा पावसात वापरला असेल तर सांगा, पाणी पिऊन जड होतो का.